परडी रिकामी आहे का?

“आमची अनसा आली का गं?”

मी माइकची वायर सोडवत होते. मान वर न करताच म्हटलं, “नाही आक्का, अजून नाही. बसा, चहा सांगते.”

हे उत्तर मला कुणी शिकवलं नव्हतं. करंजसोंडच्या प्रत्येक माणसाला ते पाठ होतं. खडकाईच्या जत्रेचा शेवटचा दिवस उजाडला की ठकूआक्का मांडवात येणार, ‘अनसा आली का’ म्हणून विचारणार आणि मांडवात जो असेल तो ‘नाही अजून, बसा’ म्हणणार. मग ती खांबाला टेकून बसायची, बशीतून चहा प्यायची आणि पालखी देवळाकडे निघाली की लुगडं झटकून घरी जायची. अनसा तिची मुलगी. याच जत्रेत हरवलेली, माझ्या जन्माच्याही आधी. पोलीस झाले, गावोगावच्या जत्रा पालथ्या घालून झाल्या, देवऋषी झाले. पोर काही मिळाली नाही. आता तिच्या विचारण्याकडे कुणी लक्ष देत नव्हतं. रोज मरे त्याला कोण रडे, अशी गत.

पण त्या वर्षी माझ्या शेजारी एक शहाणा बसला होता, त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

“काय नाव म्हणालात, आजी?” त्याने विचारलं.

आक्काने त्याच्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं ती आता रागावते. इतक्या वर्षांत ‘बसा’च्या पुढे तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

“अनसा,” ती म्हणाली.

“आडनाव?”

“आडनावानं कुठली पोर ओ देती रे बाबा? अनसाच लिव.”

त्याने टकटक करून नाव टाइप केलं, एक बटण दाबलं, पडद्याकडे पाहिलं. “नाही आजी, या नावाची माहिती नाही.”

“न्हाई व्हय. बरं.” ती नेहमीच्या खांबाशी जाऊन बसली.

मी त्याच्याकडे डोळे वटारले. “तुम्हाला कुणी सांगितलं होतं मध्ये नाक खुपसायला?”

“म्हणजे? चौकशीला आलेल्या माणसाची चौकशी करायची नाही?” तो म्हणाला. “मग मी इथं काय शेंगा सोलायला बसलोय?”

हा रणधीर. पुढे याच्याशी माझं लग्न झालं. पण त्या दिवशी कुणी तसं भविष्य सांगितलं असतं, तर मी त्याच माइकच्या दांड्याने त्याचं डोकं फोडलं असतं. सरपंच संपतरावांचा हा भाचा. कऱ्हाडला इंजिनिअरिंगला होता आणि कॉम्प्युटर शिकला होता, म्हणजे स्वर्ग दोन बोटं उरला होता. त्याच्या मामाने तालुक्याहून एक जुना कॉम्प्युटर आणला, जनरेटर आणला आणि जाहीर केलं, की यंदापासून हरवल्या-सापडल्याचा कारभार यंत्रावर. मला माइक मिळाला तो आवाजामुळे. आई म्हणायची, या पोरीला हळू बोलता येत नाही, सासरी कसं व्हायचं हिचं.

कॉम्प्युटर यायच्या आधी आमच्याकडे परडी होती. देवीपुढची वेताची परडी, शिदूमामा गुरव ती घेऊन मांडवात बसायचे. कुणाचं पोर हरवलं, कुणाची म्हातारी चुकली, की घरच्यांनी त्या माणसाची एखादी वस्तू परडीत आणून ठेवायची. रिबीन, गुंडी, चपलेचा अंगठा, तपकिरीची डबी, जे हाताला लागेल ते. माणूस मिळालं की आपली वस्तू उचलून न्यायची. शेवटच्या दिवशी पालखी मांडवासमोर येऊन थांबायची. गुरव परडी दोन्ही हातांनी उंच धरायचा आणि सगळ्यांदेखत उपडी करायचा. काही पडलं नाही की म्हणायचा, “परडी रिकामी!” मग ‘खडकाईच्या नावानं चांगभलं’ आणि पालखी देवळात. परडीत काही असेल तर पालखी उचलायची नाही. जत्रा देवीची, आलेली माणसं तिची पाहुणी. यजमानीण पाहुण्यांना वाऱ्यावर सोडून घरात जाऊन कशी निजेल?

त्या वर्षी परडी देवळातल्या कोनाड्यात गेली. शिदूमामा मांडवाच्या पायरीवर तोंड फुगवून बसले. “यंत्राला इचारा,” एवढंच ते सगळ्यांना सांगायचे.

पहिल्या दिवशी रणधीरने मला ते यंत्र समजावलं होतं. मी विचारलं नव्हतं, तरी.

“हे बघा, यात कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यावर एक नाव आणि आत त्या माणसाची माहिती. वय, गाव, अंगात काय, खूण काय. नाव सांगितलं की बरोबर तोच कप्पा उघडणार. याला मॅप म्हणतात.”

“मॅप म्हणजे नकाशा. यात नकाशा कुठाय?”

“नावच आहे ते तसं.”

“मग परडीच म्हणा की. वस्तूवरून माणूस ओळखायचं, इथं नावावरून माहिती ओळखायची.”

“परडी नाही हो!” तो कळवळला. “परडीत दोघांच्या सारख्याच गुंड्या आल्या तर? गुरवाला डुलकी लागली तर? इथं तसं होत नाही. माणूस मिळालं की त्याचा कप्पा काढून टाकायचा. शेवटी एकच प्रश्न विचारायचा, रिकामं आहे का? यंत्र हो म्हणणार किंवा नाही म्हणणार. विसरायचा प्रश्नच नाही. माणसं विसरतात.”

शिदूमामा पायरीवरून खाकरले.

खरं सांगायचं तर यंत्राने चांगलं काम केलं. दोन दिवस नुसता कल्ला होता. पाळण्यापाशी पोरं चुकली, तमाशाच्या तंबूपाशी बाप चुकले. एक म्हातारा बायको हरवली म्हणून नाव सांगत होता आणि दुसऱ्या बाजूने त्याची बायको नवरा हरवला म्हणून माझ्याशी भांडत होती. दोघं एकमेकांकडे पाठ करून उभी. मी माइकवरून म्हटलं, “आजोबा, मागे वळून बघा.” अख्ख्या माळावर हशा पिकला. रणधीरसुद्धा हसला, आणि मला पहिल्यांदा वाटलं, की माणूस अगदीच काही वाईट नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी एक लहान मुलगी तेवढी राहिली होती. तिची मावशी आली, पोरीला पोटाशी धरून रडली, पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला आणि घेऊन गेली. रणधीरने तिचा कप्पा काढला. “झालं,” तो म्हणाला.

पालखी मांडवासमोर आली. हलगी थांबली. भोई खांद्यावर आडवी लाकडं घेऊन उभे, पुढे संपतराव, पांढऱ्या कपड्यांवर गुलालाचे डाग. माळ माणसांनी फुलला होता आणि ऊन चढायला लागलं होतं. मी माइक चालू केला. रणधीरने कॉलर नीट केली. यंत्राची ही पहिलीच वेळ, त्याच्या मामाची अब्रू, त्याची स्वतःचीही. त्याने बटण दाबलं.

पडद्यावर अक्षरं आली: रिकामं नाही. शिल्लक एक.

त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

“काय रे?” संपतराव मांडवात आले. “घोडं कुठं पेंड खातंय?”

“एक मिनिट, मामा.”

“मिनिट कसलं? भोई खांदा देऊन हुबं हायत.”

रणधीरच्या कपाळावर घाम आला. त्याने कुठलं कुठलं काय काय दाबलं आणि शेवटी तो शिल्लक राहिलेला कप्पा उघडला. मी वाकून पाहिलं. नाव: अनसा. वय: शून्य. गाव कोरं. अंगात काय, कोरं. खूण, कोरी.

“ही नोंद मी केलीच नाही,” तो पुटपुटला. “मी सकाळी फक्त शोधलं होतं. नोंद नाही केली.” मग चोरी पकडली गेल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा त्याचा झाला. “अरे देवा.”

“काय झालं ते सांगा तरी!”

“चूक माझीच आहे,” तो म्हणाला. “मी ज्या पद्धतीनं यंत्राला नाव विचारलं ना, त्या पद्धतीत एक खोड असते. नाव सापडलं तर कप्पा उघडून दाखवतं. नाही सापडलं तर नुसतं ‘नाही’ म्हणून गप्प बसत नाही, त्या नावाचा एक कोरा कप्पा तयार करून ठेवतं. बाकीच्यांची नावं आधीच लिहिलेली असायची, म्हणून दोन दिवस कळलं नाही. ही एकटीच अशी, जिचं नाव कुणी लिहिलं नव्हतं.”

“म्हणजे तुम्ही विचारलं म्हणून ती आली?”

“आली कुठली? नुसती जागा झाली तिची.”

“कोण अनसा?” संपतरावांनी विचारलं. ते मोठ्याने विचारून गेले आणि त्याच क्षणी त्यांनाही आठवलं असावं, कारण त्यांची नजर आपोआप खांबाकडे गेली. माझीही गेली.

ठकूआक्का उठून उभी राहिली होती. बशी हातातच होती.

“माझी अनसा?” ती म्हणाली. “तुमच्या पेटीत हाय?”

ती दोन पावलं पुढे आली. “घावली?”

एवढ्या वर्षांत ती ‘आली का’ म्हणायची, आणि त्यात आशा किती आणि सवय किती हे मला कधी कळलं नव्हतं. त्या एका शब्दात कळलं. सगळी आशाच होती.

रणधीर उभा राहिला. “नाही आजी,” तो म्हणाला. “घावली नाही. यंत्र म्हणतंय, ती राहिली आहे.”

आक्काने मान हलवली. “राहिलीच हाय की,” ती म्हणाली.

“रणधीर, पूस ते,” संपतराव खालच्या आवाजात म्हणाले. “आक्का, तुमी बसा. यंत्राची चूक हाय ती. पूस रे, माणसं उन्हात हायत.”

एका बटणाचं काम होतं. रणधीरचं बोट त्या बटणावर होतंही. पण ते खाली जाईना.

“मामा, पुसता येतं मला,” तो म्हणाला. “पण तुम्हीच सांगा, चूक काय आहे त्यात? ती मिळाली का?”

“मला अक्कल शिकवू नगंस!”

“सरपंच,” पायरीवरून आवाज आला. शिदूमामा उठले होते. दोन दिवसांत पहिल्यांदा ते मांडवात आले. “त्या वर्षीबी असंच घाईनं पुसलं हुतं. आमच्या वडलांच्या हातनं.”

“जुनं कशाला उकरून काढतोस, शिदा?”

“पोरांना ठावं नसंल म्हणून सांगतो. आक्कानं परडीत अनसाची बांगडी ठेवली हुती. हिरवी, काचंची. ऊन डोक्यावर येस्तंवर सगळी थांबली. मग गावकीनं सांगितलं, उचला आता. आमचा बाप म्हणला, परडीत बांगडी हाय. गावकी म्हणली, उपडी कर. त्यानं केली. बांगडी ह्या धोंड्यावर पडली अन् फुटली, अन् आमचा बाप म्हणला, परडी रिकामी. पालखी गेली. मी हलगी वाजवत हुतो, संपतराव. समद्यांनी बघितलं, एक माणूस बोललं न्हाई. अन् गावकी कुणाच्या वडलांकडं हुती, ते तुमाला सांगाया नगं.”

संपतराव एवढेसे झाले. तेव्हाच मला जाणवलं, की बाहेर कुणी बोलत नाहीये. एवढा मोठा माळ, एवढी माणसं, पण पोरांच्या पिपाण्यासुद्धा बंद. मी माझ्या हाताकडे पाहिलं. माइक चालूच होता. रणधीरची चूक, आक्काचं ‘घावली?’, शिदूमामांची बांगडी, सगळं कर्ण्यातून माळावर पोचलं होतं.

आता माइक बंद करणं माझं काम होतं. मला ते सुचलं नाही, किंवा सुचूनही मी केलं नाही, काय ते देवीलाच माहीत. मी माइक आक्काच्या जवळ नेला आणि दोन दिवस सगळ्यांना विचारत होते तेच तिला विचारलं.

“आक्का, अनसाचं वय काय?”

ती माझ्याकडे बघत राहिली.

“सांगा की. कप्पा कोरा आहे तिचा.”

“सहा,” ती म्हणाली. “सातवं लागलं हुतं.”

मागे टकटक ऐकू आली. रणधीर लिहीत होता.

“गाव?”

“ह्येच की.”

“अंगात काय आहे?”

“पिवळा परकर. अन् माझ्याच जुन्या लुगड्याचं पोलकं, निळं.”

“काही खूण?”

आक्काने बशी खाली ठेवली. मग उजवा हात पुढे केला आणि मूठ मिटली. “गर्दी लई हुती. मी हात धरला हुता तिचा. बांगड्या ढिल्या हुत्या, वाढत्या अंगाला म्हणून जरा मोठ्याच भरल्या हुत्या. गर्दीचा रेटा आला, हात निसटला अन् बांगडी माझ्या मुठीत ऱ्हायली. तवा एका हातात बांगडी न्हाई तिच्या. दुसऱ्या हातात हाय. हिरवी. तीच खूण लिवा.”

रणधीरने तीच खूण लिहिली. मी रडत होते, आणि रडताना माझा आवाज आणखीनच मोठा होतो, त्याला इलाज नाही. मी माइक तोंडाशी धरला.

“ऐका हो ऐका. करंजसोंडची अनसा हरवली आहे. वय वर्षं सहा. अंगात पिवळा परकर, निळं पोलकं. एका हातात हिरवी बांगडी आहे, दुसरा हात मोकळा आहे. अनसा, असशील तिथून मांडवात ये. कुणाला दिसली असेल तर इथं घेऊन या. तिची आई वाट बघते आहे.”

रीत तीनदा सांगायची. मी तीनदा सांगितलं.

कुणी येणार नाही हे त्या माळावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी माना वळल्या. बाप्ये टाचा उंचावून बघायला लागले. बायका शेजारच्या बाईच्या तोंडाकडे बघायला लागल्या. पाळणेवाल्याने थांबलेल्या पाळण्यातून खाली वाकून पाहिलं. अनसा असतीच तर केसांत रुपेरी बट आलेली बाई झाली असती. पण मी पाहिलं, कितीतरी जण खाली बघत होते, लहान पोराच्या उंचीवर.

कुणी आलं नाही. भोई तसेच उभे होते, एकाने खांदासुद्धा बदलला नाही.

मग संपतरावांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ते आक्कासमोर गेले. सरपंच माणूस, पण आवाज पोरासारखा झाला होता.

“आक्का, पालखी उचलू का?”

“मला इचारतोस?”

“तुमालाच.”

आक्काने पालखीकडे पाहिलं, मग त्या पायरीजवळच्या धोंड्याकडे पाहिलं. “तवा कुणी इचारलं न्हवतं,” ती म्हणाली. त्यात राग नव्हता, नुसतं सांगणं होतं. पदराने तोंड पुसलं. “उचला बाबांनो. देवीला ऊन लागतंय. माझी यायची आसंल तर यील मागनं.”

“आजी,” रणधीर घाबरत घाबरत म्हणाला, “आता नाव पुसू का?”

“लई जागा खाती का रे ती, तुझ्या पेटीत?”

“नाही हो. मुळीच नाही.”

“मग ऱ्हाऊ दे की.”

आता प्रश्न माझा होता. पालखी उचलायची तर मी ‘परडी रिकामी’ म्हणायला हवं होतं, आणि समोर पडद्यावर तर शिल्लक एक. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. खोटं बोलायला माझी जीभ रेटेना. जे होतं तेच मी सांगितलं.

“एक राहिली आहे. तिची वाट बघतोय. बाकी सगळी घरी पोचली. उचला पालखी!”

खडकाईच्या नावानं जे चांगभलं उठलं, तसं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. हलगी शिदूमामांनी स्वतः घेतली. आक्का त्या वर्षी घरी गेली नाही. पालखीच्या मागून देवळापर्यंत चालत गेली, अनवाणी, मध्येच वळून मागे बघत.

पुढच्या जत्रेच्या आधी मी रणधीरला विचारलं, ती खोड दुरुस्त केलीत का? तोवर आमची पत्रापत्री सुरू झाली होती. त्याने लिहिलं, केली, अगदी सोपी होती. जत्रा आली, आक्का आली, रणधीरने नाव विचारून यंत्रात पाहिलं, आणि शेवटी पडद्यावर पुन्हा शिल्लक एक. मी त्याच्याकडे बघितलं तर हा पठ्ठ्या जनरेटरचं डिझेल तपासायला निघून गेला. तिथेच माझं ठरलं. आईला म्हटलं, हळू बोलायला शिकावं लागणार नाही, असं सासर मिळालंय.

आक्का त्यानंतर बरीच वर्षं आली. चहा, बशी, खांब, सगळं तसंच. पण आता तिला ‘बसा’ म्हणून कुणी वाटेला लावत नव्हतं. वय, परकर, पोलकं, बांगडी, सगळं विचारून घेतलं जायचं आणि ती न कंटाळता सांगायची. मग एका पावसाळ्यात ती गेली. तरी दर जत्रेला रणधीर अनसाचं नाव यंत्राला विचारायचाच, आणि मी ‘एक राहिली आहे’ म्हणायचे. शिदूमामाही गेले. संपतरावांनी सरपंचकी सोडली. मला माइक काही कुणी सोडू दिला नाही.

यंदा शाळेतल्या नव्या मास्तरांनी सगळं मोबाइलवर आणलं. गुणी पोरगा आहे. फोटो काढला की नाव, पत्ता सगळं आत. मी रणधीरला विचारलं, यात तुमची ती खोड आहे का? म्हणाला, नाही, हा बरोबर विचारतो, आहे का म्हणून आधी विचारतो, नसेल तर काही तयार होत नाही. असं म्हणून चष्मा पुसत बसला. डोक्यावरचे सगळे केस गेलेत, पण वाईट वाटलं की चष्मा पुसायची खोड अजून आहे.

शेवटच्या दिवशी पालखी मांडवासमोर आली. मास्तरांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: रिकामं आहे. खरंच होतं. सगळी पोरं घरी पोचली होती, एक नाव शिल्लक नव्हतं. मला जरा चुकल्यासारखं झालं, पण म्हटलं, आक्काच नाही तर आता कुणासाठी? यंत्र खरं बोलतंय, आपणही खरं बोलावं. मी माइक तोंडाशी धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, “परडी रिकामी!”

चांगभलं उठलं नाही. पालखी जागची हलली नाही.

“काय झालं रे?” मी विचारलं.

पुढचा भोई विशीतला होता. त्याने आक्काला नीट पाहिलंही नसेल. त्याने खांद्यावरचं लाकूड जरा सावरलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “ताई, आधी अनसाचं इचारा की.”